‘रिस्के’: संपूर्ण अल्बमच घ्यावा

शिक या न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदाचे ‘गुड टाइम्स’ हे गाणे ऐकण्यासाठी मिनिटाला ४५ फेऱ्या घेणारी छोटी तबकडी पुरेशी आहे, असे मत काही जण मांडतात. ते मला पटत नाही. छोट्या तबकडीवर गाणे कापून छोटे केलेले आहे, तर १९७९च्या ‘रिस्के’ या अल्बमवर ते आठ मिनिटांहून अधिक चालते, आणि मधल्या भागात वाद्ये एकेक करून गळत जाऊन बर्नार्ड एडवर्ड्स यांचा बास व टोनी थॉम्पसन यांचे ड्रम्स जवळजवळ एकटे उरतात, तोच तर या गाण्याचा प्राण आहे. त्याच वर्षी शुगरहिल गँगचे ‘रॅपर्स डिलाइट’ हे रॅप गाणे याच बासवर उभे राहिले, हे विसरता येत नाही.

शिवाय हे गाणे पहिल्या बाजूच्या आरंभी, म्हणजे तबकडीच्या बाहेरच्या कडेला आहे. तेथे सुईखालून खाच ज्या वेगाने सरकते, तो मध्याजवळ निम्म्याहूनही कमी होतो. कडेच्या या जास्त वेगामुळे नाइल रॉजर्स यांच्या गिटारचे बारीक, तुटक आघात येथे विलक्षण स्वच्छ ऐकू येतात. जुनी प्रत घेताना हीच बाहेरची कड उजेडात तिरपी धरून अवश्य तपासावी, कारण नाचाच्या कार्यक्रमांत सर्वाधिक झिजलेली असते ती तीच.