विषय: यंदा वक्ता नको, निधी मुलांच्या हाती देऊ या

प्रेषक: शिक्षिका, मराठी शाळा (शनिवारचा वर्ग)

नमस्कार मंडळी,

बॉस्टन परिसरातल्या आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या आढावा बैठकीत 'तरुणांना समाजकार्याची प्रेरणा कशी द्यायची' हा विषय निघाला आणि यंदाही भारतातून एखादा वक्ता बोलवावा असं साधारण ठरलं. वेळ संपल्यामुळे तिथे बोलता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

माझी विनंती अशी की यंदा वक्ता नको. त्याच्या प्रवासखर्चाचे आणि गणपतीच्या शिलकीतले मिळून २,००० डॉलर वेगळे काढू या, आणि त्यांचं काय करायचं हे १३ ते २२ वयाच्या आपल्या मुलांनाच ठरवू द्या.

आपल्या कार्यक्रमांत मुलं काय करतात ते आठवून पाहा. महाप्रसादाला वाढतात, खुर्च्या मांडतात, पार्किंगमध्ये पावसात उभी राहतात आणि शेवटी कोणाची तरी सही घेऊन शाळेसाठी समाजसेवेचे तास नोंदवतात. ही कामं कमी मोलाची नाहीत. पण त्यात एकही निर्णय त्यांचा नसतो. हॉल कोणता, ताटल्या कसल्या, उरलेलं जेवण कुठे जाणार, सगळं आपण आधीच ठरवलेलं असतं. मग 'ही मुलं कॉलेजला गेली की मंडळात फिरकत नाहीत' असं आपणच म्हणतो. जिथे आपल्या शब्दाला किंमत नाही तिथे ती का येतील?

रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली आहे. खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. मुलांना मोठ्यांच्या हेतूसाठी वापरणं, शोभेसाठी उभं करणं आणि नावापुरतं विचारणं, अशा त्या तीन. आपली बहुतेक कामं या तिन्हींच्या फार वर जात नाहीत असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

वरची पायरी कशी दिसते हे पाहायला लांब जायला नको. बॉस्टन शहराने २०१४ मध्ये 'युथ लीड द चेंज' हा उपक्रम सुरू केला. शहराच्या भांडवली खर्चातले १० लाख डॉलर कुठे वापरायचे हे शहरातल्या १२ ते २५ वयाच्या मुलामुलींनी मत देऊन ठरवायचं. आधी सगळीकडून कल्पना गोळा केल्या. मग मुलांच्याच गटांनी पालिकेच्या अधिकाऱ्यांबरोबर बसून कोणतं काम होण्यासारखं आहे, त्याला खर्च किती येईल हे तपासून प्रस्ताव लिहिले आणि शेवटी मतदान झालं. पहिल्या वर्षी निवडून आलेली कामं वाचण्यासारखी आहेत: फ्रँकलिन पार्कमधल्या खेळाच्या आणि सहलीच्या जागेची सुधारणा, काही हायस्कूलना क्रोमबुक लॅपटॉप, कलाकारांना चित्रं काढण्यासाठी भिंती, स्केटपार्क उभारता येईल का याचा अभ्यास. बारा वर्षांच्या मुलीच्या मताला पंचविशीतल्या तरुणाइतकंच वजन. मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मधला टप्पा, म्हणजे प्रस्ताव लिहिण्याचा. 'आम्हाला अमुक हवं' इथून 'याला एवढे पैसे लागतील, अमुक खात्याची परवानगी लागेल' इथपर्यंतचा प्रवास मुलं तिथे स्वतः करतात. व्याख्यान ऐकून हे कोणालाच येत नाही.

आपल्यातली बरीच मुलं ईगल स्काउट, म्हणजे स्काउटमधल्या सर्वोच्च पायरीवर पोचलेली, होतात. त्यासाठी कराव्या लागणाऱ्या समाजसेवेच्या प्रोजेक्टला तासांची किमान अट नसते. मुलाने स्वतः योजना आखली का आणि इतरांचं नेतृत्व केलं का, हे पाहिलं जातं. स्काउटवाले जेवढा विश्वास ठेवतात तेवढा आपण ठेवू शकत नाही का?

कृपया सगळ्यांनी मत कळवावं.

---

प्रेषक: खजिनदार

ताई, मेल दोनदा वाचली. भावना पटते, पण माझ्या जागेवरून चार गोष्टी सांगणं भाग आहे.

१८ वर्षांखालच्या मुलांनी करारावर केलेली सही त्यांना बांधून ठेवत नाही. हॉल घ्यायचा तर विम्याचा दाखला लागतो, तो मंडळाच्या नावाने निघतो. मुलांबरोबर काम करणाऱ्या मोठ्यांची 'कोरी' (CORI) तपासणी, म्हणजे गुन्ह्यांच्या सरकारी नोंदींची तपासणी, झालेली हवी. आणि वर्षाअखेरीस फॉर्म ९९०, म्हणजे करमुक्त संस्थेचं वार्षिक विवरणपत्र, भरताना खर्च मंडळाच्या उद्दिष्टांत बसतो हे मला दाखवावं लागतं. सभासदांनी गणपतीच्या नावाने दिलेले पैसे आहेत, ते पिझ्झा आणि टी-शर्टवर गेले तर उत्तर मला द्यावं लागेल.

आणि एक मनातली शंका. मुलांनी निवडलेलं काम अर्ध्यात पडलं तर? परीक्षा आल्या, कॉलेजचे अर्ज आले की काय होतं हे आपण सगळे पालक जाणतो.

---

प्रेषक: सभासदाचे वडील (मार्चपर्यंत इथेच)

सप्रेम नमस्कार,

मुलाने मला या यादीत घातलं आहे, म्हणून लिहायचं धाडस करतो.

वक्ता नको या मताशी मी पूर्ण सहमत नाही. आमच्या तरुणपणी चांगलं बोलणारी माणसं ऐकूनच आम्ही घराबाहेर पडलो. पण खरं आहे की त्या भाषणानंतर दुसऱ्या दिवशी हातात कुदळ यायची. नुसत्या भाषणावर कोणी टिकलं नाही.

पुण्यात महापालिकेने २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली कामं सुचवायची सोय केली आहे. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातले आम्ही उत्साहाने अर्ज भरायचो. पदपथ, बाक, दिवे. त्या सगळ्या खटपटीत कधी विशीतला मुलगा दिसला नाही, कारण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. बॉस्टनचं वाचून ते आठवलं.

आता थोडं इथलं. मुलगा-सून सकाळी आठला निघतात. घर सुंदर आहे. बाहेर पडलं की शंभर पावलांवर पदपथ संपतो आणि पुढे गाड्यांचा रस्ता. मी त्याच टोकापर्यंत जातो आणि परत येतो. बसथांबा एक मैलावर आहे असं ऐकतो, पण तिथे बाक नाही, छप्पर नाही, बस किती वाजता येते हे कोणाला ठाऊक नाही, कारण आपल्यातलं कोणी बसने जातच नाही. पुण्यात मी रोज पीएमटीने हिंडणारा माणूस. इथे वाचनालयात जायचं तरी शनिवारची वाट पाहतो. मुलांवर राग नाही, ती दमलेली असतात. पण माझ्यासारखे कितीतरी आजी-आजोबा दर उन्हाळ्यात येतात आणि खिडकीत बसून जातात. तरुणांना काम हवं असेल तर हे काम आहे.

---

प्रेषक: अकरावीतली विद्यार्थिनी, मराठी शाळेची माजी विद्यार्थिनी

नमस्कार काका, मावशी आणि आजोबा,

माझं मराठी लिहिणं हळू आहे, टीचरनी शुद्धलेखन तपासलंय, पण विचार माझे आणि माझ्या मैत्रिणींचे आहेत.

आजोबांचं वाचून आम्ही ग्रुपवर बोललो. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी कोणी ना कोणी आजी-आजोबा येतात. आम्ही त्यांना विचारलं की बसने का जात नाही. आम्हाला वाटलं इंग्रजीची भीती असेल. पण माझ्या आजीने सांगितलं, जायची भीती नाही, परत यायची आहे. कुठे उतरायचं हे चुकलं तर काय करायचं, थांबायची खूण कशी द्यायची, पैसे कसे टाकायचे. माझ्या मैत्रिणीच्या आजोबांना वाटत होतं की सुटे पैसे नसतील तर ड्रायव्हर सगळ्यांसमोर खाली उतरवेल.

म्हणून आमची कल्पना अशी. प्रत्येक मुलाने एका आजी किंवा आजोबांबरोबर एकच मार्ग आधी स्वतः करायचा, मग त्यांच्याबरोबर, मग मुलगा मागच्या सीटवर बसणार आणि आजोबा एकटे सगळं करणार. ६५ च्या पुढे एमबीटीएच्या (इथली बस आणि ट्रेन चालवणारी सरकारी संस्था) भाड्यात सवलत आहे, त्यासाठी सीनिअर चार्लीकार्ड हे भाड्याचं कार्ड काढावं लागतं, ते काढायला बरोबर जायचं. आणि खिशात मावेल असं कार्ड छापायचं: देवनागरीत थांब्यांची नावं क्रमाने, बस थांबवायला कोणत्या थांब्याच्या आधी पिवळी पट्टी दाबायची, उलट दिशेची बस रस्त्याच्या कोणत्या बाजूला येते आणि घरच्यांचा नंबर. मी एका मार्गाचं नमुना कार्ड केलं. आजीने त्यात लगेच दुरुस्ती सांगितली. ती म्हणाली थांब्याचं नाव मला दिसणार नाही, खूण लिही. म्हणून आता 'डावीकडे लाल चर्च, मग पेट्रोल पंप, मग दाब' असं लिहिलंय.

पण आम्हाला एवढ्यावर थांबायचं नाही. आम्ही सगळ्यांना बसथांब्यापर्यंत सोबत केली तरी पदपथ तिथे नाहीच. तो गावाने करायचा आहे. आमच्या गावात ओपन टाऊन मीटिंग आहे, म्हणजे गावाचे निर्णय मतदारांच्या खुल्या सभेत होतात. वार्षिक मीटिंगच्या विषयपत्रिकेवर विषय घ्यायला दहा नोंदणीकृत मतदारांच्या सह्या लागतात. आम्हाला मत नाही, सह्या तुम्ही द्याल. मांडणी आम्ही करू, फोटो आणि मोजमापं आमची असतील. एमबीटीएने २०१५ मध्ये युथ पासचा, म्हणजे तरुणांसाठी सवलतीच्या पासचा, प्रयोग सुरू केला, त्याच्यामागे रॉक्सबरी आणि आसपासच्या मुलामुलींच्या गटांनी अनेक वर्षं लावून धरलेली मागणी होती. त्यातल्या बऱ्याच जणांना तेव्हा मत नव्हतं.

खजिनदार काका, कामात खंड पडेल ही तुमची काळजी बरोबर आहे. म्हणून आम्ही प्रत्येक कामावर दोन जण ठेवलेत, एक अकरावी-बारावीतला आणि एक आठवी-नववीतला. मोठा कॉलेजला गेला की धाकट्याला सगळं माहीत असेल. टी-शर्ट नकोत.

एक विनंती. आमच्या बैठकीला मोठं माणूस एकच असावं आणि आम्ही विचारल्यावरच बोलावं. तुम्ही सगळे खूप प्रेमाने मदत करता, पण मग आम्ही गप्प होतो.

---

प्रेषक: सभासद (पूर्वी 'निर्माण'च्या शिबिरात)

शेवटचा परिच्छेद वाचून राहवलं नाही. गडचिरोलीत शोधग्रामला अभय आणि राणी बंग यांनी २००६ मध्ये तरुणांसाठी 'निर्माण' सुरू केलं. मी तिथे गेलो तेव्हा इंजिनिअरिंग संपवून नोकरीला लागलो होतो. ज्येष्ठ मंडळी तिथे बोलायची, आणि बोललेलं लक्षात आहे. पण मला बदललं ते गावात एका घरी बसून प्रश्न विचारण्याने. घरातली बाई पाणी कुठून आणते, दवाखान्यात जायचं तर दिवसाची मजुरी किती बुडते, हे तिच्याच तोंडून ऐकलं. त्याआधी माझ्याकडे खेड्यांसाठी भरपूर उपाय होते, प्रश्न एकही नव्हता.

या मुलीने आजीला आधी विचारलं आणि आजीने सांगितल्यावर कार्ड बदललं. हे बऱ्याच मोठ्या संस्थांना जमत नाही. निधीला माझा पूर्ण पाठिंबा. कोरी तपासणी मी करून घेतो, बैठकीला गप्प बसणारा माणूस म्हणून मला धरा.

---

प्रेषक: शिक्षिका, मराठी शाळा (शनिवारचा वर्ग)

मंडळी,

खजिनदारांशी फोनवर सविस्तर बोलणं झालं. त्यांचे मुद्दे रास्त आहेत आणि त्यांच्यामुळेच प्रस्ताव पक्का झाला. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत तो ठराव म्हणून मांडते आहे.

निधी मंडळाच्याच खात्यात राहील. सह्या, विमा आणि पावत्या मोठ्यांकडे. कोणतं काम निवडायचं, पैसे कशावर आणि कधी वापरायचे, हा निर्णय मुलांच्या समितीचा. कार्यकारिणीला तो दोनच कारणांनी थांबवता येईल: काम कायद्याच्या किंवा मंडळाच्या उद्दिष्टांच्या बाहेर असेल, किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल. 'आम्हाला आवडलं नाही' हे कारण चालणार नाही, हे ठरावात स्पष्ट लिहिलेलं असावं असा माझा आग्रह आहे. बाकी सगळं नीट लिहिलं आणि हे सुटलं, तर दोन वर्षांत आपण जुन्या वळणावर येऊ.

काम अर्ध्यात पडलं तर काय, याचं माझं उत्तर असं: आपण मोठ्यांनी सुरू केलेली कामंही अर्ध्यात पडतात, वाचनालयाची कपाटं कोणाच्या गॅरेजमध्ये आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. मुलांनी वर्षाअखेरीस सर्वसाधारण सभेत उभं राहून काय झालं, काय झालं नाही आणि का, हे सांगावं. तेवढा हिशेब पुरे.

बसचं काम आजच ठरलंय असं कोणी धरू नये. इतर मुलांच्याही कल्पना येऊ देत, एकाने महाप्रसादाच्या ताटल्यांबद्दल चांगला मुद्दा काढला आहे. मतदान मुलंच करतील.

आजोबा, आपण मार्चपर्यंत इथे आहात तर मुलांच्या पहिल्या बैठकीला याल का? पुण्यात अर्ज कसा भरायचात, पाठपुरावा कसा करायचात, हे त्यांना ऐकायचं आहे. न्यायला मुलं येतील.

टाऊन मीटिंगचा विषय मात्र मुलांच्या मतदानासाठी थांबू शकत नाही, विषयपत्रिका बंद व्हायची तारीख जवळ येते आहे. त्या गावात राहणारे आणि मतदार म्हणून नोंद असलेले जे सभासद असतील त्यांनी मला वैयक्तिक मेल करावी. दहा सह्या लागतात, पण एखादी बाद झाली तर अडायला नको म्हणून पंधरा गोळा करू. पहिली माझी.