जुलाब नाहीत, विडाल पॉझिटिव्ह: हा टायफॉईडच का?

कर्वेनगरकर
१४ वर्षांचा मुलगा, पाच दिवस ताप, संध्याकाळी १०३ पर्यंत चढतो. पोट बिघडलेलं नाही, उलट साफ होत नाही. डेंगी, मलेरिया निगेटिव्ह. विडालमध्ये (टायफॉईडच्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं मोजणारी रक्ततपासणी) ओ आणि एच ही दोन्ही प्रतिपिंडं १:१६०. अँटिबायोटिक अजून दिलेलं नाही. लगेच सुरू करावं की आधी कल्चर (रक्तातला जंतू वाढवून बघायची तपासणी)?

लॅबकर
आधी कल्चर, आणि आजच. एखादा डोस पोटात गेला तरी बाटलीत जंतू वाढण्याची शक्यता बरीच कमी होते. रक्त पुरेसं हवं, मोठ्यांच्या बाटलीत ८ ते १० मिली. टायफॉईडमध्ये मिलीभर रक्तात जेमतेम एखादा जंतू असतो, त्यामुळे २ मिलीवरच्या 'निगेटिव्ह'वर फार विसंबू नका. बाटली फ्रीजमध्ये ठेवायची नाही, ही चूक कलेक्शन सेंटरवर हमखास होते. जंतू वाढला तर बहुधा दोन-तीन दिवसांत कळतं, निगेटिव्ह म्हणायला पाच दिवस थांबतात. नीट घेतलेलं कल्चरही दहातले चार-पाच रुग्ण चुकवतं, हेही लक्षात असू द्या.

विडाल १८९६ सालची. जुना संसर्ग, लस, टायफॉईडच्या जंतूच्या जातकुळीतला दुसरा एखादा साल्मोनेला, कशानेही आकडा वर जातो. सात-दहा दिवसांनी पुन्हा करून चौपट वाढला तर त्याला वजन. एकट्या १:१६० वर निदान करू नये.

डॉक्टरीण
जुलाब नसणं इथे नवल नाही. जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून आत शिरतो आणि त्याला गिळणाऱ्या पेशींतच ठाण मांडतो. त्यांच्याबरोबर यकृत, प्लीहा, अस्थिमज्जेत पोचतो, तिथे वाढून रक्तात उतरतो, तेव्हा ताप येतो. म्हणून कालच्या पाणीपुरीला बोल लावू नका, एक-दोन आठवड्यांपूर्वीचं खाणंपिणं आठवा.

सिप्रोफ्लॉक्सासिन आपल्याकडे आता बहुतेकदा लागू पडत नाही. सेफिक्झिम, अझिथ्रोमायसिन की सलाईनमधून सेफ्ट्रायक्सोन, हे डॉक्टर वजन आणि तब्येत बघून ठरवतील. औषध योग्य असलं तरी ताप उतरायला चार-सहा दिवस लागतात, कारण जंतू पेशींच्या आत असतो. तिसऱ्या दिवशी घाबरून औषध बदलायला लावू नका, आणि ताप गेला म्हणून कोर्स अर्धवटही सोडू नका, उलटतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अचानक जोराची पोटदुखी, पोट कडक होणं किंवा काळी शी दिसली, तर थेट हॉस्पिटल. आतड्याला भोक पडण्याची भीती तेव्हाच असते.

कर्वेनगरकर
आभार, कल्चरला निघतोय. सोसायटीत टँकरचं पाणी येतं. बाकीच्यांनी काय करायचं?

लॅबकर
प्यायचं पाणी खळखळून उकळल्यावर मिनिटभर तसंच ठेवा. सोसायटीने नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट (क्लोरीन किती ते रंगावरून दाखवणारी) करावी, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन दिसायला हवं. २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याकडे जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले तेव्हाही संशय पाण्यावरच होता. जंतू वेगळा, वाट तीच.

डॉक्टरीण
टायफॉईडची टीसीव्ही लस वयाच्या सहा महिन्यांपासून पुढे, एकच डोस. मुलाला ताप असताना नको. घरात स्वयंपाक करणाऱ्यांपैकी कुणाला पूर्वी टायफॉईड झाला असेल, त्यातून पित्ताशयात खडे असतील, तर त्यांच्या शीचं कल्चर करा. जंतू त्या खड्यांवर वर्षानुवर्षं टिकतो, आणि माणूस ठणठणीत दिसतो.