अनुभव धागा: खात्यावर पैसे पडले, मग घरात काय हललं?

माणदेशी

आमचं गाव माण तालुक्यातलं. ऑगस्ट 2024 मध्ये राखीपौर्णिमेच्या तोंडावर आईच्या खात्यावर 'लाडकी बहीण'चे जुलै आणि ऑगस्टचे मिळून 3000 रुपये आले. मी तेव्हा पुण्यात डिलिव्हरीचं काम करत होतो. जमेल तसे दोन-तीन हजार घरी पाठवायचो. पण या 3000 चं तिला जे अप्रूप होतं, ते माझ्या पैशांचं कधी दिसलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, जरा लागलंच. "काय केलंस त्या पैशांचं?" म्हणून विचारलं, तर म्हणाली, "शेळी व्यायला झालीया, ये बघून जा."

म्हणून हा धागा. योजना कुठलीही चालेल: निराधार, श्रावणबाळ, पीएम किसान, लाडकी बहीण. पैसा किती आला, कधी आला, कशाला लागला आणि घरात काय बदललं ते लिहा. कुठल्या पक्षानं दिले आणि कोण बंद करणार हे इथं नको, त्याला दुसरीकडे भरपूर जागा आहे. ओळख पटेल अशी नावं टाळा.

कास्तकार

यवतमाळ जिल्हा, 3 एकर कोरडवाहू. पीएम किसानचे वर्षाला 6000 आणि 2023 पासून राज्याच्या नमो शेतकरीचे आणखी 6000. ऐकायला 12 हजार वाटतात, येतात मात्र दोन-दोन हजारांनी. आणि ते कधी येतात, सगळी मेख तिथं आहे.

2024 ला पीएम किसानचा हप्ता 18 जूनला पडला. माझी लावण व्हायची होती. कपाशीचं पाकीट 864 रुपयांचं. दोन पाकिटं रोखीनं उचलली. रोख देणाऱ्याला कृषी केंद्रवाला मागेल ते वाण काढून देतो, उधारीवाल्यानं तो देईल ते मुकाट न्यावं. उधारी असली की दिवाळीला कापूसही त्याच्याच ओळखीच्या व्यापाऱ्याला घालावा लागतो, भाव तो म्हणेल तो. त्या वर्षी मी कापूस दीड महिना घरात ठेवला. बायको वैतागली, कारण झोपायला जागा नव्हती. पण विकला माझ्या मर्जीनं.

2025 ला तोच हप्ता 2 ऑगस्टला आला. पाकीट 901 चं झालेलं आणि बी जूनमध्येच जमिनीत गेलेलं. तोवर वहीत नाव लागलं होतं. पैसे आले तसे त्या वहीत गेले. रक्कम तीच, 2000.

एक सांगायचं राहिलं. माझ्या वावरात निंदायला येतो त्या गड्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. सातबारा नाही म्हणून या 12 हजारांतला रुपयाही त्याला नाही.

मोठी ताई

मी अंगणवाडी सेविका. 2024 च्या जुलैत आम्ही 'लाडकी बहीण'चे अर्ज भरले. एका अर्जामागे 50 रुपये ठरले होते. रेंज फक्त देवळाच्या कट्ट्यावर, म्हणून भर पावसात तिथं बसून फॉर्म. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असलं तर उत्पन्नाचा दाखला लागत नव्हता, नाहीतर आणखी हाल झाले असते.

खातं बाईच्या एकटीच्या नावाचं हवं, नवऱ्याबरोबरचं जोडखातं चालत नव्हतं. या एका अटीनं माझ्या वाडीतल्या 11 बायकांची आयुष्यातली पहिली खाती निघाली. आणि ज्यांची आधीच होती त्यांची वेगळी तऱ्हा. पैसे आधार ज्या खात्याला जोडलंय तिथं जातात, अर्जात काय लिहिलंय त्याला काही किंमत नाही. एकीचे 'आलेच नाहीत' म्हणून दोन महिने रडारड. शेवटी ट्रंकेच्या तळाशी जुनं पासबुक सापडलं, बचत गटाच्या वेळी काढलेलं. त्यात सगळे हप्ते गुपचूप बसलेले! त्या दिवशी तिनं मला भजी खाऊ घातली.

दुसरीच्या खात्याला फोन नंबर नवऱ्याचा. मेसेज त्याला यायचा आणि तो सांगेल तेव्हाच हिला कळायचं. पहिल्या 3000 मधून तिनं बटणाचा मोबाइल घेतला. नवरा म्हणाला, घरात एक असताना दुसरा कशाला? ही म्हणाली, "मेसेज माझा हाय."

सगळ्यांचं असं झालं नाही, हेही लिहिते. एक बाई दर हप्त्याला नवऱ्याच्या गाडीवर बसून पैसे काढायला जाते. तो बाहेर गाडी बंदसुद्धा करत नाही.

नातू

आजीला श्रावणबाळचे, म्हणजे म्हातारपणाच्या पेन्शनचे, महिन्याला पैसे मिळतात. आधी 600, मग 1000, 2023 पासून 1500. त्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21,000 च्या आत असल्याचा दाखला लागतो. म्हणजे दिवसाला 58 रुपयेही नाहीत. अशा घरातली माणसं जगतात कशी, हे दाखल्यावर सही करणाऱ्याला कधी विचारावंसं वाटतं.

आजीचा अंगठा मशीनवर उठत नाही. आयुष्यभर खुरपं धरून रेषा गेल्यात. बँक मित्र सांगतो हात पुसा, तेल लावा, दुसरं बोट ठेवा. एकदा दहाही बोटं झाली आणि ती रिकाम्या हातानं परत आली. जीपचे जाऊन-येऊन 60 रुपये गेले ते वेगळेच. आता पोस्टमनदादा मशीन घेऊन घरी येतात, सावकाश अंगठा घेतात, चहा पिऊन जातात.

पूर्वी काकू आजीला आधी जेवा म्हणत नव्हती. हल्ली म्हणते. मला त्यात खोटेपणा दिसतो, पण आजीला चालतो. ती म्हणते, "ताट तर मांडती का नाय?"

बागायतदार

सगळे गोड गोड लिहिताय म्हणून मी कडू लिहितो. द्राक्षबाग आहे. थिनिंगला (घडातले जादा मणी काढायला) बायका मिळेनात. टोळीची मुकादम तोंडावर सांगते, पाऊस असला की आम्ही नाही येणार, रोज वाढवा. घरी बसून 1500 मिळतात तर चिखलात कोण उतरेल? आमचा मजुरीचा खर्च वाढला तो कुठं मांडायचा? द्राक्षाचा भाव काही लाडका नाही.

मोठी ताई

दादा, 1500 म्हणजे 2024-25 च्या रोजगार हमीच्या 297 रुपये रोजानं मोजले तर महिन्यातले पाच दिवस. उरलेले पंचवीस दिवस ती कुठं जाणार? तुमच्याकडेच येणार. फक्त पाळीच्या दिवसांत किंवा लेकरू तापलेलं असताना नाही यायची.

बागायतदार

पाच दिवसांचाच घोळ असता तर लिहिलं नसतं. असो. रोज वाढवलाय आम्ही.

धाकटी

लिहू की नको असं करत दोन दिवस गेले.

आमचे बाबा 2009 मध्ये गेले. विषारी औषध. विदर्भातलं गाव, कर्ज बँकेचंही होतं आणि खाजगीही. अशा घराला सरकारची 1 लाखाची मदत असते. पण आधी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं: जमीन कुणाच्या नावावर, कर्ज कुणाचं, थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का. बाबांच्या नावापुढे तो शब्द लागेपर्यंत आई कचेरीच्या पायऱ्यांवर बसायची, मी तिच्या मांडीशी. शेजारी एक बाई बसायची, तिची जमीन सासऱ्याच्या नावावर होती. तिच्या नवऱ्याच्या कागदावर 'अपात्र' आलं. मला तेव्हा वाटलं, मरण्याचीही परीक्षा असते आणि तिचा नवरा नापास झाला.

लाखातले 30 हजार हातात मिळतात आणि 70 हजार ठेव म्हणून अडकवतात. 30 हजार मी पाहिलेच नाहीत. तेरवीचं देणं, किराणा, सोनार आणि मामाकडून घेतलेले. चार दिवसांत संपले. काका म्हणाले, ठेवही मोडू, तुझ्या बहिणीचं लग्न उरकून टाकू. मोडता येईना. तेव्हा सगळे सरकारला शिव्या देत होते, आईसुद्धा.

पण त्या ठेवीचं व्याज पोस्टात दर महिन्याला यायचं, साडेचारशेच्या थोडं वर. सोयाबीन गेलं तरी यायचं, आई आजारी असली तरी यायचं. शाळेला एसटीचा पास मुलींना फुकट होता, तो खर्च नव्हता. या पैशातून वह्या, परीक्षेची फी, नववीत चष्मा. ताईचं लग्न दोन वर्षं पुढं गेलं, कारण घाईनं करायला हातात गठ्ठाच नव्हता. त्या दोन वर्षांत तिची बारावी झाली.

मी आता नर्स आहे. आई अजून त्या पैशांना 'तुझ्या बापाचा पगार' म्हणते. मला ते ऐकवत नाही. तिला सांगून पाहिलं, ती म्हणत राहते.

वाडीवरचा

जव्हारकडचा. 2020 च्या कोरोनात आदिवासी कुटुंबांसाठी खावटी अनुदान मंजूर झालं, घरटी 4000. निम्मे खात्यावर, निम्म्याचं धान्य-डाळ-तेल. पोटाला आधार झाला, नाही म्हणत नाही. पण आमच्याकडची माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती उचल घेऊन, आणि ती उचल असते हजारोंत. लेकराच्या दवाखान्याला शेठ एका शब्दावर 10 हजार देतो, मग सहा महिने घर त्याचं. 2000 नं ती गाठ सुटत नाही. एकच घर पाहिलं जे त्या वर्षी गेलं नाही, आणि त्यांचं कारण वेगळं होतं, म्हातारी अंथरुणाला खिळली होती.

माळवी

मी इंदूरचा, घरी मराठी. आमच्याकडे मध्य प्रदेशात 2011-12 च्या सुमारास 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेनं युनिसेफच्या पैशावर काही गावांत एक प्रयोग केला होता. गावातल्या प्रत्येकाला दरमहा रोख, मोठ्यांना आधी 200 मग 300, लहानांना त्याच्या निम्मे. लहानांचे पैसे आईकडे. अट काहीच नाही, कागद मागायचे नाहीत, गरीब-श्रीमंत निवडायचं नाही. लोक दारू पितील, कामं सोडतील अशी भीती सगळ्यांनी घातली होती. झालं उलटंच. दुसऱ्याच्या रानातली मजुरी कमी झाली आणि स्वतःच्या शेतातलं, शेळ्या-शिलाईचं काम वाढलं. बागायतदारांचा राग मला म्हणूनच कळतो.

माणदेशी, एक विचारतो, रागवू नका. तुमचा पगार वाढला तेव्हा 'कुठं घातलास' म्हणून धागा निघाला होता का?

माणदेशी

नाही. बरोबर आहे तुमचं.

परवा गावी गेलो होतो. वाण्याच्या दुकानात आमच्या नावाची वही असायची, लाल पुठ्ठ्याची. वाणी म्हणाला, "तुझ्या आईनं दिवाळीलाच मिटवली. तुला म्हाईत नाय?" म्हणजे 2024 ची दिवाळी. मी तोवर दर महिन्याला 'उधारी किती झाली' म्हणून फोनवर विचारत होतो आणि ती काहीतरी आकडा सांगायची. का, ते विचारलं नाही.

नवी सून

अनुभव नाही, अडचण आहे. सासूबाई विधवा, 58 वय. 'लाडकी बहीण'च्या ई-केवायसीत (ऑनलाइन ओळख पडताळणीत) नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर आणि ओटीपी मागत होते, दोघंही हयात नाहीत. तेव्हापासून हप्ता आला नाही. काय करावं?

मोठी ताई

नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स घेऊन तुमच्या अंगणवाडी सेविकेला भेटा, अजून घेतात का ते विचारा, घेतल्या तर पोच घ्या. एकदा खात्याला आधार जोडलंय का तेही बँकेत विचारा. सासूबाईंना सोबत न्या, तुम्ही एकट्या गेलात तर परत पाठवतील. आणि जाताना पाण्याची बाटली असू द्या, रांग मोठी असते.