लिनक्सवरचा कन्सोल मुंबईत कोण घेणार? मी घेणार, आणि माझ्यासारखे बरेच

खटपट्या

काल एका गेमिंग गटावर एका गृहस्थांनी स्टीम हे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॅल्व कंपनीच्या नव्या स्टीम मशीनबद्दल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या डब्याबद्दल, लिहिलं. त्यात विंडोज नाही, लिनक्स ही फुकट सिस्टिम आहे. त्यांचं म्हणणं, हे लिनक्सवाल्यांचं खेळणं आहे, आपल्याकडे ज्याला परवडतं तो सोनीचा पीएस५ घेतो, बाकीचे मोबाईलवर बीजीएमआय खेळतात आणि मधे कोणीच नाही. खाली शंभर अंगठे. तिथे चार ओळींत उत्तर देऊन माझं समाधान होईना, म्हणून इथे धागा काढतोय.

मधे कोणीच नाही? मधे मी आहे. कॉलेजात असताना घरी पीसी होता. लग्न झालं, वन बीएचकेत आलो, टेबलाच्या जागी पाळणा आला आणि पीसी विकला. पण स्टीमवर उन्हाळी आणि हिवाळी सेलमध्ये घेतलेले गेम अजून माझ्या खात्यात आहेत. पीएस५ घेतला तर त्यातलाच गेम पुन्हा विकत घ्यायचा, नवा मोठा गेम पाच हजाराला, आणि ऑनलाइन खेळायला वर्गणी वेगळी. स्टीमवर ती वर्गणी नाही, किमती रुपयांत आहेत आणि सेल लागला की तोच गेम निम्म्याहून खाली येतो. माझ्या ऑफिसात पस्तिशीच्या आसपासचे असे कितीतरी जण आहेत. त्यांना पीसी नकोय, त्यांना आपले गेम टीव्हीवर हवेत. हा डबा जेमतेम सोळा सेंटिमीटरचा ठोकळा आहे, पॉवर सप्लाय आतच. सेट टॉप बॉक्सशेजारी मावतो.

राहिला लिनक्सचा बाऊ. २०१५ ची स्टीम मशीन आपटली, कारण तेव्हा प्रत्येक गेम कंपनीला लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढावी लागायची आणि बहुतेकांनी काढली नाही. त्यात डबे वेगवेगळ्या कंपन्यांचे, किमती वाट्टेल त्या. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॅल्वचं प्रोटॉन हे सॉफ्टवेअर आलं आणि चित्र पालटलं. ते विंडोजचा गेम तसाच्या तसा उचलतं, त्याच्या विंडोजसाठीच्या ग्राफिक्सच्या आज्ञा (डायरेक्टएक्स) लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनमध्ये वळवतं आणि खेळणाऱ्याला काही करावं लागत नाही. २०२२ मध्ये व्हॅल्वचा हातात धरून खेळायचा स्टीम डेक आला तो याच जोरावर. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच आहे. पीएस४ ची सिस्टिम फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्याच फुकट सिस्टिमवर बेतलेली. कन्सोल घेताना कोणी विचारलं होतं का, आत काय आहे म्हणून?

कॅफेवाला_डोंबिवली

तुम्ही ऑफिसातल्या माणसांचं सांगताय, मी गिऱ्हाइकांचं सांगतो. माझं गेमिंग कॅफे आहे, स्टेशनपासून पाच मिनिटांवर. शाळा सुटली की पोरं दप्तरासकट येतात. खुर्चीत बसण्याआधी एकच प्रश्न असतो, व्हॅलोरंट आहे ना? नाही म्हटलं तर दप्तर न उतरवता मागे वळतात, दोन गल्ल्या सोडून दुसरं कॅफे आहेच. व्हॅलोरंट या ऑनलाइन गेमचं व्हॅनगार्ड, म्हणजे लबाडी पकडणारं अँटीचीट सॉफ्टवेअर, लिनक्सवर चालत नाही. विंडोज ११ वरसुद्धा ते टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू मागतं, त्यासाठी एकेका मशीनच्या बायॉसमध्ये शिरून मी रात्री जागवल्यात.

आता सोफ्यावर बसून खेळायचं म्हणाल, तर आपल्याकडे दोघं-चौघं मिळून काय खेळतात? फुटबॉल. ईए कंपनीचा एफसी घ्या, त्याच्या अँटीचीटमुळे तोही लिनक्सवर चालत नाही. जीटीए ऑनलाइन लिनक्सवर सप्टेंबर २०२४ पासून बंद. एपेक्सने त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर लिनक्सवाल्यांना बाहेर काढलं. बॅटलफील्ड ६ पहिल्या दिवसापासून नाही. फोर्टनाइटही नाही. मग टीव्हीसमोर बसून करायचं काय?

खटपट्या

काउंटर स्ट्राइक २ खेळायचं, डोटा २ खेळायचं, दोन्ही थेट लिनक्सवर चालतात. एकट्याने खेळायचे मोठे गेम तर बहुतेक सगळे चालतात, जीटीए ५ ची स्टोरीसुद्धा. आणि हे लिनक्सला जमत नाही म्हणून अडलेलं नाही. बॅटलआय आणि ईझी अँटीचीट या दोन मोठ्या अँटीचीटवाल्यांनी २०२१ मध्येच प्रोटॉनला दार उघडलं. ही दोन वापरणारा गेम असेल तर तो काढणाऱ्या कंपनीने फक्त परवानगी द्यायची असते. ती ते देत नाहीत. दोष कोणाचा?

कॅफेवाला_डोंबिवली

दोष कोणाचा हे मी बारा वर्षांच्या पोराला सांगत बसू? तो तासाचे पैसे हातात घेऊन उभा आहे.

अनघा_ठाणे

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, घरच्या लॅपटॉपवर लिनक्सच वापरते, त्यामुळे मला विरोधक समजू नका. पण खटपट्या, तुम्ही परदेशातलं गणित इकडे मांडताय. तिकडे माणूस पीसी जोडतो तेव्हा विंडोजच्या परवान्याचे पैसे खरोखर मोजतो, म्हणून फुकटच्या सिस्टिमचं आकर्षण. आपल्याकडे विंडोजला पैसे मोजले कोणी? पीसी जोडणारा मुलगा खिशातला पेनड्राइव्ह लावायचा आणि चहा येईपर्यंत सगळं टाकून मोकळा. फुकट विरुद्ध फुकट असा सामना असेल तर माणूस ओळखीचं घेणार. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा आधार संपला म्हणून जगभर लिनक्सचा गजर झाला, स्टीमच्या पाहणीत त्याच महिन्यात लिनक्स पहिल्यांदा ३ टक्क्यांवर गेलं. माझ्या सोसायटीत ती बातमी कोणाच्या गावीही नाही. विंडोज १० मजेत चालू आहे.

जुना_पेंग्विन

अनघाताईंनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. आपल्याकडे लिनक्सला मायक्रोसॉफ्टने हरवलं नाही, आपल्या फुकटेपणाने हरवलं. आम्ही पीसीक्वेस्ट मासिकाच्या अंकासोबत आलेली लिनक्सची सीडी घेऊन घरोघर जायचो. रविवारी जमायचो, लोकांची मशीन उघडून बसवून द्यायचो, वडापावसुद्धा स्वखर्चाने. आणि आठवड्याने तो माणूस भेटला की म्हणायचा, काढून टाकलं, लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात विंडोजची नकली सीडी पन्नास रुपयांत मिळाली. तीस वर्षं चोरीचा माल वापरणाऱ्या समाजात कोणतीच गोष्ट कायदेशीरपणे रुजत नाही. केरळने सरकारी शाळांत लिनक्स नेलं. आपण एमएससीआयटीत विंडोज आणि ऑफिस शिकवत बसलो. तेव्हा ना सरकारला लाज वाटली ना पालकांना.

लॅमिंग्टनकर

काका, शब्द जपून वापरा. माझ्या वडिलांनी त्याच रस्त्यावर, पोटमाळ्यावर बसून पीसी जोडले. त्यावर आमचं घर चाललं आणि त्या पीसीवर शिकलेली गिरण्यांच्या चाळीतली पोरं आज कंपन्यांत बसलीत. चोरीचा माल म्हणताना एवढं सांगा, २००३ साली ओरिजिनल गेम दीड-दोन हजारांचा असायचा, तेव्हा एखाद्या घराचा पगार किती होता? आणि पैसे असले तरी मिळत कुठे होता? आमच्याकडे लोक नाव घेऊन विचारायला यायचे, डिस्ट्रिब्युटरकडे मालच नसायचा. नकली डिस्क चालाव्यात म्हणून चिप मारलेला पीएस२ नसता तर या मुंबईत गेम खेळणारी पिढीच तयार झाली नसती. त्याच्या आधी तर नव्याण्णव लाख गेमांची नकली काडतुसं होती, त्यावरच कॉन्ट्रा खेळून सगळे मोठे झाले. तुमच्यासकट.

जुना_पेंग्विन

मी कॉन्ट्रा खेळलेलो नाही. आणि परवडत नाही म्हणून चोरी चालते हा युक्तिवाद मला आयुष्यात पटलेला नाही. परवडत नव्हतं म्हणूनच तर आम्ही फुकट आणि कायदेशीर गोष्ट दारात आणून देत होतो. तुमच्या वडिलांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण त्याच पोटमाळ्यावर लिनक्सची सीडी ठेवायला काय हरकत होती?

लॅमिंग्टनकर

ठेवली होती. वडिलांनी स्वतः बसवून दिलं होतं काही जणांना. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक सीपीयू काखेत मारून परत, इंटरनेट लागत नाही म्हणून. कारण आतला मोडेम विंडोजच्या ड्रायव्हरवर चालणारा होता, लिनक्सला तो दिसायचाच नाही. बाहेरचा मोडेम घ्या म्हणायचं तर तो कितीतरी महाग. एमटीएनएलच्या डायलअपच्या जमान्यात ज्या मशीनवर इंटरनेट नाही ते मशीन घेऊन माणूस करणार काय? तुम्ही रविवारी बसवून घरी जायचात. सोमवारी शिव्या आम्ही खायचो.

जुना_पेंग्विन

मोडेमचं म्हणणं मान्य. तेवढंच मान्य. त्या मोडेमने आमचीही पुष्कळ डोकी खाल्ली.

अनघा_ठाणे

काका, एक सांगू? फुकटेपणाचा हा आरोप गेमच्या बाबतीत आता टिकत नाही. माझा धाकटा भाऊ क्रॅक केलेल्या गेमांशिवाय दुसरं काही माहीत नसलेला मुलगा. स्टीमवर रुपयांत किमती आल्या, यूपीआय आलं, आणि पहिल्या पगारापासून तो गेम विकत घेतो. कोणी प्रवचन दिलं नाही. क्रॅक शोधा, व्हायरसला घाबरा, अपडेट आला की पुन्हा सगळं करा, त्यापेक्षा चारशे रुपये देणं त्याला सोपं वाटलं. लोकांना सोय हवी असते. म्हणून मी खटपट्यांच्या एका मुद्द्यावर येते, नाइलाजाने. ज्याची स्टीमची लायब्ररी आहे, त्याच्यासाठी या डब्यात लिनक्स आहे की आणखी काही याने फरक पडत नाही. माझा आक्षेप आता एवढाच की अशी माणसं किती.

शिवडीकर

किती माणसं याच्या आधी एक प्रश्न राहिलाय. हा डबा इथे मिळणार आहे का? स्टीम डेक २०२२ पासून जगात विकला जातोय, जपान-कोरिया झालं, ऑस्ट्रेलिया झालं. भारतात अधिकृतपणे एकदाही आला नाही. जे आहेत ते सगळे कोणाच्या तरी बॅगेतून आलेले किंवा दुकानदाराने बाहेरून आणवलेले.

माझा अनुभव सांगतो. असंच एक हातात धरून खेळायचं परदेशी हॅण्डहेल्ड, कोणतं ते सांगत नाही, मी एका दुकानातून घेतलं. बिल मागितलं तर वहीच्या कागदावर किंमत लिहून शिक्का मारून दिला. काही महिन्यांत डावी स्टिक आपोआप वर सरकायला लागली. खेळातला माणूस हात न लावता भिंतीला धडका देतोय. दुकानदार म्हणाला, पार्ट बाहेरून मागवावा लागेल. कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं की तुमच्या देशात सेवा नाही. शेवटी एका मोबाईल दुरुस्तीवाल्याने स्टिकचा मॉड्यूल बदलून दिला, तोही त्याने आधी कधी उघडलेला नसताना, माझ्यासमोर, भिंगातून बघत. चालतंय. पण चाळीस-पन्नास हजार मोजताना पुन्हा ही जोखीम घेणार नाही.

आणि किमतीचं कोणीच बोललं नाही. व्हॅल्वने नोव्हेंबर २०२५ मध्ये हे मशीन जाहीर केलं तेव्हा आकडा सांगितला नाही, पण धोरण सांगितलंय, तेवढ्याच ताकदीच्या पीसीच्या आसपास किंमत असेल, सोनीसारखं डब्यावर सूट देऊन गेममधून वसूल करणार नाहीत. त्यावर कस्टम ड्युटी, कर आणि आणणाऱ्याचा नफा धरा. पीएस५ दुकानात पन्नास हजारांच्या वर आहे, पण बिलासकट, वॉरंटीसकट, हप्त्यावर. आई-वडिलांना पटवायला तेवढं पुरतं.

लॅमिंग्टनकर

शिवडीकरांना पूर्ण पाठिंबा. त्यात रॅमचे भाव सध्या असे चढलेत की सकाळी सांगितलेला दर संध्याकाळी देता येत नाही. या डब्यात १६ जीबी रॅम आणि ग्राफिक्सची ८ जीबी वेगळी. स्वस्तात पडण्याची आशा सोडा. तेवढ्या पैशांत मी तुम्हाला पीसी जोडून देतो, ग्राफिक्स कार्ड नंतर बदलता येईल असा, आणि बिघडला तर मी पायऱ्या उतरून खाली उभा आहे.

खटपट्या

तुमचा पीसी ठेवू कुठे ते सांगा. मला ताकद कमी पडली म्हणून मी हा डबा बघत नाहीये. मला रात्री पोरगं झोपल्यावर रिमोट घेऊन, म्हणजे कंट्रोलर घेऊन, एक बटण दाबून मागच्या वेळी जिथे सोडला तिथून गेम सुरू करायचाय. अपडेटचं निळं पान नको, अँटीव्हायरस नको, कीबोर्ड शोधायला नको. विंडोजचा पीसी टीव्हीला जोडून मी हे करून पाहिलंय. प्रत्येक वेळी कुठलीतरी खिडकी गेमच्या मागे उघडायची आणि कंट्रोलरने ती बंद होत नाही, की उठा आणि माउस शोधा. या डब्यातल्या स्टीमओएसमध्ये, म्हणजे व्हॅल्वने लिनक्सवर बेतलेल्या सिस्टिममध्ये, तसं होत नाही. लिनक्स आहे म्हणून मी घेत नाहीये, पण हे सगळं जमतंय ते लिनक्स त्यांच्या हातात आहे म्हणूनच. विंडोजमध्ये व्हॅल्वला एक बटण हलवायची मुभा नाही.

शिवडीकरांचं बोलणं मात्र टाळता येत नाही. इथे विकणार नसतील, दुरुस्तीची सोय नसेल, तर माझे ऑफिसातले लोक हात लावणार नाहीत. गिऱ्हाईक आहे. दुकान उघडायचं की नाही ते व्हॅल्वच्या हातात आहे.

जुना_पेंग्विन

मी गेम खेळत नाही, तरी हे मशीन इथे विकलं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. डेस्कटॉप मोडमध्ये गेलं की केडीई हा लिनक्सचा पूर्ण डेस्कटॉप आहे. बापाने गेमसाठी घेतलेल्या डब्यावर उद्या मुलगी टर्मिनल उघडून बघेल. आम्ही घरोघर फिरून जे साधलं नाही ते असं आडवाटेने साधत असेल तर साधू दे.

अनघा_ठाणे

काका, मुलीला आधी मराठी टाइप करता यायला हवं. केडीईत कीबोर्ड सापडेल, पण खुद्द स्टीम मराठीत नाही, हिंदीतसुद्धा नाही. रुपया घेताना आपण दिसतो, भाषा निवडताना नाही.

कॅफेवाला_डोंबिवली

माझ्या व्हॅलोरंटच्या रांगेतलं एकही मशीन मी बदलणार नाही, हे पुन्हा सांगतो. पण कोपऱ्यात सोफा आणि टीव्ही आहे, तिथे जुना कन्सोल पडून असतो. शनिवारी कॉलेजची मुलं चौघं-चौघं येतात, त्यांना टेकन लागतं, ते लिनक्सवर चालत असेल तर तिथे एक डबा ठेवून बघेन. बिल जीएसटीचं पाहिजे. वहीच्या कागदावर शिक्का मारून दिला तर नको.