बौद्धिक संपदेत एलएलएम: कोकणातल्या पोरांनी करायचं की नाही?

कातळफूल: काल इथे एका वकीलसाहेबांनी लिहिलं, 'बौद्धिक संपदेत एलएलएम म्हणजे मुंबई-दिल्लीच्या पोरांचा शौक. ओरोसच्या कोर्टात सातबारा नि वहिवाट चालते.' रात्रभर ते डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितेय. माझं घर कुडाळजवळ आणि याच विषयात, म्हणजे पेटंट, ट्रेडमार्क, जीआय अशा हक्कांच्या कायद्यात, एलएलएमचं (एलएलबीनंतरच्या पदवीचं) दुसरं वर्ष चालू आहे. हापूसला २०१८ मध्ये जीआय मिळालं, म्हणजे भौगोलिक मानांकन: ठरलेल्या भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं. आपल्याकडे कोकम आहे, वेंगुर्ल्याचा काजू आहे, सावंतवाडीची गंजिफा (रंगवलेले पत्ते) आहे. प्रत्येक बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करायची असते, हे वाडीवर जाऊन सांगणारा वकील किती तालुक्यांत आहे? पोरांना हा विषय शिकूच नका म्हणणं मला फार लागलं.

बंदरकर: तो वकील मीच. माझा राग विषयावर नाही, पदवीवर आहे. पेटंट एजंटच्या, म्हणजे लोकांचे पेटंटचे अर्ज चालवणाऱ्याच्या, परीक्षेला विज्ञानाची किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते. बीए, एलएलबी, वर एलएलएम केलं तरी बसता येत नाही. माझ्या पुतण्याला प्रवेश देताना हे कोणी सांगितलं नाही. दोन वर्षांची फी, खोलीभाडं, मेसचे पैसे. आता माझ्याच ऑफिसात बसून वाटणीचे दावे टाइप करतो. त्याच्या आईला काय सांगू?

कलमवाला: माझी नोंदणी आसा, पण उपेग काय? सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं साधं लिहितो. मेमध्ये माझ्या पेट्या वाशीला गेल्या. शेजारच्या गाळ्यावर कर्नाटकचा आंबा, खोक्यावर ठसठशीत 'देवगड हापूस'. पेंढा बाजूला करून फळ हातात घेतलं, नाकाशी धरलं, वास नाही. साल जाड. भाव माझ्यापेक्षा कमी, म्हणून गिऱ्हाईक तिकडे. देवगडचं नाव असं रोज विकलं जातं.

भाट्येचा: देवगडचंच का? नोंद 'हापूस' नावाने आहे, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर अशी पाच जिल्ह्यांची. तुम्हाला वेगळं नाव हवं होतं म्हणून भांडणात वर्षं गेली.

कलमवाला: भांडलो, कारण आमच्या कातळावरचं फळ वेगळं आहे. पालघरचा आंबा आणि माझा आंबा एकाच नावाखाली विकायचा?

भाट्येचा: माझ्या आजोबांनी सुरुंग लावून कातळ फोडला, लांबून माती आणून खड्डे भरले आणि कलमं लावली. कातळ काय तुमच्याच तालुक्यात आहे? हा तोरा सोडा. परराज्यातला आंबा आपल्या नावाने खपतो, त्याला कारण ही दुफळी.

कलमवाला: तोरा नाही, पोट आहे. शब्द जपून वापरा.

बंदरकर: दोघे थांबा. कातळफूलताई, आता सांगा, तुमची पदवी यांच्या काय कामाची? गुन्हा वाशीत. म्हणजे ठाण्याला दावा, तारखेला जाऊन-येऊन दोन दिवस मोडणार. एका पेटीसाठी कोण जाईल?

कातळफूल: ठाण्याला जायची गरज नाही. जीआय कायद्याचं कलम ६६ बघा. दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही, पण दावा लावणारा जिथे राहतो किंवा धंदा करतो, तिथल्या जिल्हा न्यायालयात तो लावता येतो. अधिकृत वापरकर्त्यालाही ही सोय आहे. म्हणजे आपल्या जिल्ह्याचं ओरोसचं कोर्ट. पेटंट एजंटचं तुमचं खरं आहे. मीही बीएवाली, मलाही ते पहिल्या सत्रानंतर कळलं, आणि त्याची चीड आहे. पण ट्रेडमार्क आणि जीआयचं काम सनद असलेला कोणताही वकील करू शकतो. पुतण्याला वाटणीचे दावे टाइप करायला बसवलंत, ते तुम्ही बसवलंत.

बंदरकर: शेवटचं वाक्य लागलं. कलम ६६ आत्ता उघडून वाचलं. बरोबर आहे. बावीस वर्षं ओरोसला उभा राहतोय, मला हे माहीत नव्हतं. तरी त्यासाठी दोन वर्षांची फी भरावी, हे मला पटलेलं नाही. एलएलबीवाला पुस्तक उघडून हेच वाचू शकतो.

कातळफूल: वाचू शकतो. बावीस वर्षांत कोणी वाचलं नाही.

बंदरकर: बरं. कलमवाले, नोंदणीचा दाखला, त्या खोक्याचा फोटो आणि त्या गाळ्याची खरेदीपावती घेऊन सोमवारी या. मसुदा पुतण्या करेल. ताईंनी तपासून द्यावा.

कलमवाला: दाखला आसा. फोटो आसा. पावती नाय. त्यांची पेटी मी विकत घेतलीच नव्हती.

कातळफूल: मग पुढच्या हंगामात पहिली पेटी त्यांचीच घ्या. बिल मागून घ्या, तारखेसकट.