क्लोजे खरंच ग्रेट होता का?

प्रश्न: जर्मनीचा फुटबॉलपटू मिरोस्लाव क्लोजेचे वर्ल्डकपमध्ये 16 गोल आहेत, तरी ग्रेट स्ट्रायकर (गोल मारणारा पुढचा खेळाडू) म्हटलं की त्याचं नाव कोणी घेत नाही, असं का?

रिप्लाय: अरे 2002 ला पाच गोल मारले आणि पाचही हेडर, म्हणजे डोक्याने मारलेले! सौदीविरुद्ध तर हॅटट्रिक. 2006 ला परत पाच, सगळ्यात जास्त गोलांसाठीचा गोल्डन बूट, मग 2010 ला चार, 2014 ला दोन. असं सातत्य दाखव ना कोणाचं. जर्मनीसाठी 137 मॅच, 71 गोल. आणि हा माणूस आधी सुतारकाम शिकत होता, लहान क्लबात खेळत वर आलाय, म्हणून मला जास्तच आवडतो.

रिप्लाय: 2014 ला जर्मनीने ब्राझीलला 7-1 ने हरवलं ती सेमीफायनल आठवते? क्लोजेचा पहिला शॉट ब्राझीलचा गोलकीपर ज्युलिओ सीझरने अडवला, बॉल परत याच्याच पायाशी आला आणि याने शांतपणे आत ढकलला, ब्राझीलच्याच रोनाल्डोचा वर्ल्डकपमधल्या 15 गोलांचा रेकॉर्ड तुटला तोही ब्राझीलमध्येच, मी रात्री दीड-दोनला एकटाच ओरडत होतो.

रिप्लाय: मला तर 2012 ची लाझिओ-नापोली ही इटलीतल्या क्लबांची मॅच सगळ्यात भारी वाटते, क्लोजे तेव्हा लाझिओकडून खेळायचा. रेफ्रीने गोल दिला होता, याने स्वतः जाऊन सांगितलं हाताला लागलाय. गोल रद्द, लाझिओ 3-0 हरली.