डायलिसिसवरच्या बाबांना पाणी किती द्यावं?

बाबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी) डाव्या हातात. दोन डायलिसिसच्या मधे वजन ३ किलो वाढतं, बीपी १७०/१०० होतं. ते पाणी मागतात आणि मला नाही म्हणवत नाही. शेजारच्या काकू शहाळं आणि लो सोडियम मीठ सुचवतात. देऊ का?

— ताई, मी डायलिसिस युनिटमध्ये सिस्टर आहे. दोन्ही अजिबात देऊ नका! शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, त्या मिठात तर पोटॅशियम क्लोराइडच असतं. किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, हृदयाचे ठोके बिघडतात. वाढलेला १ किलो म्हणजे जवळपास १ लिटर साठलेलं पाणी. साधारण हिशोब असा: आदल्या दिवशीची लघवी अधिक ५०० मिली. चहा, ताक, आमटी सगळं त्यातच. तुमचा नेमका आकडा डॉक्टरांकडून घ्या. पण खरी तहान मिठाने लागते. लोणचं-पापड बंद केल्याशिवाय पाणी मोजून उपयोग नाही. आणि डाव्या हातावर बीपी घेऊ नका, सुई टोचू देऊ नका. रोज बोटांनी फिस्टुलाची थरथर बघा; थांबली तर लगेच युनिट गाठा.

— आमच्या आईला चुळा भरायला द्यायचो, बर्फाचा खडा चघळायला. तोही मोजूनच.

— सिस्टर, मनापासून आभार. काल रात्री आडवं झाल्यावर त्यांना दम लागला. उद्याच्या पाळीपर्यंत थांबू?

— नाही. आत्ताच न्या.